बडोद्यात बालशिक्षिका व्हायचं असेल तर: प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "मुलीला लहान मुलांची आवड आहे, एखादा एनटीटीचा कोर्स करू दे का?" एनटीटी म्हणजे नर्सरी टीचर ट्रेनिंग, बालवाडीच्या शिक्षिकेचं प्रशिक्षण. आवड हे कारण चांगलंच आहे. पण कोर्स घाईने निवडला तर फी जाते, वर्ष जातं, प्रमाणपत्रही हातात पडतं आणि मग कळतं की सरकारी भरतीत ते चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे सगळा कोर्स बाकावर बसून झालेला असतो आणि मुलांसमोर उभं राहायची वेळ आलेलीच नसते.

बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते, इमारत, फी आणि जाहिरात नंतर पाहा. आधी पाहा की कॉलेजच्या आवारात किंवा हाकेच्या अंतरावर तीन ते सहा वर्षांची मुलं आहेत का. आणि तुम्ही त्या मुलांबरोबर असताना तुमच्याकडे लक्ष ठेवून नंतर चार शब्द सांगणारं जाणतं माणूस तिथे आहे का. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

फॉर्म भरण्याआधी

घराजवळच्या अंगणवाडीत परवानगी घेऊन काही सकाळी बसा. गुजरातेत तिला नंदघर म्हणतात, सेविकेला कार्यकर आणि मदतनिसाला तेडागर. आपल्या शहराचा या कामाशी जुना संबंध आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, त्यातलं गुजरातमधलं ठिकाण आपलं छाणी होतं.

सणाच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. साध्या दिवशी जा आणि मुलं यायच्या आधी पोचा. दारात रडणारं मूल, नाक पुसणं, सांडलेला नाश्ता, एकाच वेळी तिघांना लागलेली शू, हे सगळं पाहा. दुपारी घरी आल्यावर स्वतःला विचारा: दमले, पण उद्या पुन्हा जावंसं वाटतंय का? वाटत असेल तर पुढे वाचा. गोड मुलांचे फोटो पाहून वाटणारी आवड वेगळी, आणि चौथ्यांदा तीच गोष्ट सांगताना टिकणारी आवड वेगळी. मुलग्यांनीही या कामाचा विचार करावा. बालवाडीत पुरुष शिक्षक फार कमी दिसतात, आणि मुलांना ते हवे असतात.

कोणतं शिक्षण कशासाठी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे: बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण असण्याचा नियम लागू झाला आणि पाच वर्षांवरच्या मुलांसाठी शाळांमध्ये बालवाटिका सुरू झाल्या. म्हणजे मुलं एका सलग टप्प्यातली आहेत, पण नोकऱ्यांच्या पात्रता अजून निरनिराळ्या आहेत. कुठे काम करायचं ते आधी ठरवा, कोर्स त्यावरून ठरेल.

सरकारी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते, जिला आपल्याकडे अजून पीटीसी म्हणतात, आणि त्यानंतर टेट-१ ही शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. "बी.एड. करते, मग लहान वर्गही घेता येतील" असं अनेक घरांत अजून म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. हे माहीत नसल्यामुळे वाट चुकलेल्या मुली भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

बालवाडीसाठीच वेगळा असा दोन वर्षांचा डीपीएसई हा डिप्लोमा एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमावलीत आहे. त्याला बारावीला ५० टक्के गुण लागतात. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक कोर्स, आयटेप, २०२३-२४ पासून सुरू झाला असून त्यात पायाभूत टप्पा निवडता येतो. त्याचा प्रवेश एनसीईटी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. पदवी आणि शिक्षक-पात्रता एकत्र मिळते, म्हणून ज्या मुलीचं मन पक्कं आहे तिने या वाटेचा जरूर विचार करावा.

मुलांच्या वाढीचा खोलात जाऊन अभ्यास करायचा असेल, पुढे संशोधन, समुपदेशन, अभ्यासक्रम लिहिणं किंवा संस्थांमध्ये काम करायचं असेल, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस ही विद्याशाखा आहे. जुन्या मंडळींसाठी ती अजून होम सायन्सच. तिथला ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज हा विभाग तुमच्या कामाचा. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं, पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या, आणि घर व मूल हा विद्यापीठात शिकण्याजोगा विषय आहे हे इथे सुरुवातीपासून मानलं गेलं. विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे. वर्गात वाचलेलं तिथे लगेच डोळ्यांनी पाहता येतं. अशी सोय फार थोड्या ठिकाणी असते. एक ध्यानात ठेवा, ही पदवी डी.एल.एड.च्या जागी चालत नाही.

आधीच नोकरीत असाल किंवा लहान मूल घरी असेल तर इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका बारावीनंतर दूरशिक्षणाने करता येते. वाचनसाहित्य चांगलं आहे. मुलांबरोबरचा सराव मात्र स्वतः शोधावा लागतो, म्हणून एखाद्या बालवाडीत मदतनीस म्हणून काम करत करत ती करा.

राहिले गल्लोगल्ली दिसणारे सहा महिन्यांचे एनटीटी. ते सगळे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. खासगी प्ले-ग्रुपमध्ये पहिली नोकरी त्यांच्यावर मिळते. पण "सरकारमान्य" असा शब्द फलकावर असेल तर कुणाची मान्यता, कोणत्या आदेशाने, हे लेखी मागा. मान्यताप्राप्त संस्थांची यादी एनसीटीईच्या संकेतस्थळावर असते, गुजरात पश्चिम विभागीय समितीत येतं. यादीत संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि मंजूर जागा तिन्ही जुळले पाहिजेत. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काम करायचं असेल तर कोर्सला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता हवी.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा

कार्यालयात फीचा कागद घ्या आणि मग बालवाडी दाखवा म्हणा. सकाळी मुलं असतानाच जा. भिंतीवर काय लावलंय ते पाहा: मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, मुलांनी केलेलं, की मोठ्यांनी थर्माकोलवर कापलेलं आणि छताजवळ टांगलेलं? खेळणी कपाटात कुलपात आहेत का खालच्या फळीवर? मुलं बोलतायत का? गप्प बसलेल्या तीस मुलांचा वर्ग दिसला तर मी तरी सावध होते.

मग दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना गाठा, प्राचार्यांना नव्हे. विचारा: आठवड्यातून किती दिवस मुलांबरोबर असता? पाठ घेताना मागे कोण बसतं? पाठ झाल्यावर लेखी शेरा मिळतो का? फायली स्वतः लिहिता की मागच्या वर्षीच्या उतरवता? शेवटच्या प्रश्नावर त्या एकमेकींकडे पाहून हसल्या तर उत्तर मिळालं असं समजा. शिक्षक-शिक्षणाच्या डिप्लोमांना वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या सरावाला ९० टक्के हजेरी असा नियम २०१४ च्या नियमावलीत आहे. "हजेरीचं आम्ही पाहून घेऊ" असं कुणी म्हणालं तर उठून यावं.

कागदपत्रांचं थोडक्यात: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागू असेल तर, आणि छायाचित्रं. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२४ पासून जीकॅस या सामायिक पोर्टलवरून होतात, तेव्हा निकालाची वाट न पाहता नोंदणीच्या तारखांवर लक्ष ठेवा. आईच्या आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकसारखं आहे का ते मे महिन्यातच तपासा. मराठी आडनावं गुजराती कागदांवर वेगवेगळी उतरलेली असतात आणि ऐन वेळी धावपळ होते.

पहिलं वर्ष: पाहायला शिकणं

पहिल्या वर्षी मुलींना पाठ घ्यायची घाई असते. मी त्यांना वही घेऊन कोपऱ्यात बसवते. पाहता येणं हे या शिक्षणाचं मूळ आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

नव्या विद्यार्थिनीची नोंद साधारण अशी असते: "क आज हट्टीपणा करत होता. कुणात मिसळला नाही." यात क कुठेच नाही, फक्त लिहिणारीचं मत आहे. त्याच सकाळची, त्याच मुलाची नोंद अशी लिहिता येते:

"सव्वानऊ. क ठोकळ्यांच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. चार ठोकळे एकावर एक रचले, पाचवा ठेवताना मनोरा पडला. पुन्हा रचला. शेजारच्या मुलीने हात पुढे केला तसे त्याने ठोकळे छातीशी धरले आणि म्हणाला, ‘मारुं छे.’ थोड्या वेळाने एक ठोकळा स्वतःहून तिच्याकडे सरकवला. बोलला नाही."

आता यातून कितीतरी कळतं. हाताचा आणि डोळ्याचा मेळ कुठवर आलाय, पडल्यावर तो चिडत नाही, पुन्हा करतो. आपलं-परक्याचं भान आलंय. मालकी गुजरातीत सांगतो. आणि वाटून घेणं सुरू झालंय, फक्त त्याला थोडा वेळ लागतो. हट्टी म्हणून शिक्का मारला असता तर बाईंनी पुढे त्याला दटावलं असतं. नोंद वाचल्यावर त्या त्याला दोन मिनिटं देतील.

नोंदीसाठी साधे नियम: वेळ लिहा, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, विशेषणं टाळा, त्याच दिवशी लिहा. मत द्यायचंच असेल तर खाली वेगळ्या परिच्छेदात. एकाच मुलाच्या नोंदी वर्षभर ठेवा. जूनची आणि जानेवारीची शेजारी ठेवून वाचाल तेव्हा वाढ म्हणजे काय ते कुठल्याही व्याख्येपेक्षा स्पष्ट दिसेल. हाक मारल्यावर एक मूल नेहमीच वळत नाही, किंवा चित्र नाकाजवळ धरून पाहतं, हेही अशाच नोंदींतून लक्षात येतं. मग पालकांना कान-डोळे तपासून घ्यायला वेळेवर सांगता येतं.

भाषेचं काय

बडोद्याच्या मराठी मुलीला हा प्रश्न पडतोच. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, मालिका हिंदी, कॉलेजची पुस्तकं इंग्रजी. बोलता येतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तीन वर्षांच्या मुलाची भाषा वेगळी असते. मूल हळूच "एकी" (म्हणजे शू) म्हणालं आणि तुम्हाला कळलं नाही, तर काय होईल ते सांगायला नको. पहिल्या महिन्यात गुजराती मुलांचे घरगुती शब्द एका वहीत गोळा करा: शू-शी, भूक, दुखणं, झोप, आजी-आजोबा, भीती. कार्यकरबेन आणि तेडागरबेन यांच्याइतक्या चांगल्या शिक्षिका यासाठी मिळणार नाहीत.

लिहिण्याचाही सराव हवा. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नाही, क, ज, ब, च ही अक्षरं आपल्याहून वेगळी दिसतात, आणि गुजराती पाचाचा आकडा व प हे अक्षर जवळजवळ सारखेच. फळ्यावर मोठ्या अक्षरात रोज एक ओळ लिहा.

आणि तुमची मराठी सोडू नका. वर्गात मराठी घरातलं मूल असेल तर पहिल्या आठवड्यात त्याला मराठीत जवळ घ्या. राठवी, हिंदी, सिंधी बोलणारं मूल असेल तर त्याच्या आईकडून पाच शब्द शिकून घ्या. घरची भाषा वर्गात ऐकू आली की मूल मोकळं होतं, आणि मोकळं झालं की दुसरी भाषा भराभर उचलतं. बालशिक्षणात मराठी आणि गुजराती तसेही शेजारी राहत आलेत. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करून तयार झाल्या आणि पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभं केलं. अंगणात, झाडाखाली, मुलांच्या दारात जाऊन भरणारी बालवाडी महाराष्ट्राने त्यांच्याकडून आणि अनुताई वाघांकडून शिकली.

पहिला पाठ

पहिला पाठ गोष्टीचा घेऊ नका असं माझं मत आहे. गोष्ट सोपी वाटते, पण तीस डोळे एकाच वेळी तुमच्यावर असतात. पाण्याचा खेळ घ्या. दोन पसरट टब, वाट्या, पेले, एक नरसाळं, एक गाळणी, स्पंज आणि पुसायला भरपूर फडकी. एका वेळी सहाच मुलं. बाकीची दुसऱ्या ताईंकडे, हे आधी ठरवून घ्या. टब मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर, खाली जुनी चादर, पाणी वीतभरापेक्षा कमी. आणि टबाजवळून एक क्षणही हलायचं नाही.

टाचणात उद्दिष्ट एका ओळीत लिहा: मनगट वळवून ओतणं, भरलेलं-रिकामं आणि जास्त-कमी हे शब्द वापरणं. मग गप्प राहा. मुलं ओततील, सांडतील, गाळणीत पाणी का थांबत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाहतील. तुम्ही मध्येच एखादा प्रश्न टाका: "या पेल्यातलं सगळं त्या वाटीत मावेल?" उत्तर देऊ नका, त्यांना ओतून पाहू द्या. शेवटी फडकी मुलांच्या हातात द्या. पुसणं आणि पिळणं हाही पाठच आहे. ज्या बोटांनी फडकं पिळलं, माती मळली, मणी ओवले, त्याच बोटांत पुढे पेन्सिल नीट बसते. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ओळीच्या ओळी गिरवून घेणाऱ्या शाळेत सराव लागला तर हे शांतपणे, पण नक्की सांगा.

पाठ संपला की त्याच दिवशी मागे बसलेल्या बाईंशी बोला. काय जमलं नाही यापेक्षा कोणतं मूल काय करत होतं हे त्यांना विचारा. तुमची नजर जिथे पोचली नाही तिथे त्यांची पोचलेली असते.

जे शिकवलं नाही तरी शिकून घ्यायचं

घास अडकला तर काय करायचं हे हाताने करून शिका. वर्षावरचं मूल खोकू शकत नसेल, श्वास अडत असेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके, नाही निघालं तर पोटावर बेंबीच्या वर पाच झटके, आणि त्याच वेळी कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगायचं. शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं डब्यात येऊ नयेत असं पालकांना आधीच कळवा. पालकांच्या लेखी सूचनेशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही.

पॉक्सो कायदा २०१२ चा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून थांबता येत नाही. मूल काही सांगत असेल तर त्याचे शब्द तसेच लिहून ठेवा, उलटतपासणी करू नका. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर लावा.

नोकरी घेताना

अंगणवाडीतलं काम मानधनावर असतं आणि त्यासाठी त्याच भागातली रहिवासी असावं लागतं. खासगी बालवाडीत नियुक्तिपत्र मागायला संकोचू नका. त्यात पगार, बारा महिन्यांचा की दहा महिन्यांचा, रजा आणि कामाचे तास लिहिलेले असावेत. मुलं चार तास आणि शिक्षिका आठ तास, असं अनेक ठिकाणी असतं. उरलेल्या वेळात तयारी करायची की फोनवर प्रवेश मिळवायचे, हे आधी विचारा.

मग वर्ग पाहायला मागा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस, तीनपेक्षा लहान १० मुलांमागे एक, आणि ३० मुलांना ३५ चौरस मीटरची खोली व बाहेर निदान ३० चौरस मीटर जागा असं म्हटलं आहे. एका बाईकडे चाळीस मुलं देऊन "आमच्याकडे शिस्त आहे" म्हणणाऱ्या ठिकाणी तुमचं शिक्षण दोन महिन्यांत विरून जाईल. पगार थोडा कमी असला तरी पहिली दोन वर्षं जिथे सोबत अनुभवी शिक्षिका आहे तिथे काढा. आणि जूनमध्ये रुजू होताना पहिले आठ दिवस आईला वर्गात बसू देतात का हे विचारून घ्या. देत असतील तर ती जागा सहसा बरी असते.